जहाजाचा फराळ

“जहाज का पळून चाललं का वं?”

आमच्या समोरच्या वहिनी हे म्हणायच्या तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या हाताला मैदा लागलेला असायचा. मनगटाने कपाळावरचा घाम पुसायचा, हे एक वाक्य टाकायचं आणि पुन्हा लाटणं हातात घ्यायचं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिला वाईट बातमी सांगायला गेलं की ती आधी खायला पुढे करते. वहिनी त्यातल्याच. फरक इतकाच की त्या जहाजाची वाट पाहत होत्या, आणि नागपुरात बसून जहाजाची वाट पाहणारी दुसरी बाई निदान माझ्या पाहण्यात नाही.

रामदासपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आणि त्यांचे यजमान राहायला आले, ते मौद्याच्या वीज केंद्रातली नोकरी संपल्यावर. यजमानांना सगळे भाऊ म्हणायचे. दोघंही कुहीकडच्या धानाच्या शेतीतली, बोलणं ठेठ तिकडचं. आम्ही मूळचे महालातले, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेले. शुद्ध बोलण्याचा आम्हाला थोडा ताठा आहे, कारण बाळगायला दुसरं फारसं काही नाही. त्यामुळे एका संध्याकाळी वहिनी दारात उभ्या राहून, भाजी आणायला निघाल्यासारख्या आवाजात, “आम्ही जहाजात चाललो, मुंबईहून लक्षद्वीपले,” असं म्हणाल्या, तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. तोंडाने मी “अरे वा” म्हटलं.

ही क्रूझ ठरली कशी, तेही ऐका. टीव्हीवर कुठल्याशा मालिकेत जहाज दाखवत होते. वहिनी सहज म्हणाल्या, “चालत्या जहाजात सैपाक कसा करत असतीन? चुलीवरचा गंज नाही का घसरत?” गंज म्हणजे त्यांच्याकडचं पातेलं. पुढच्या आठवड्यात भाऊ दोन जागा ठरवून घरी आले. एवढंच.

मी हे सगळं आमच्या ह्यांना जेवताना सांगितलं. “पाणीच पाहायचं तर एखाद्या दिवशी फुटाळ्याला जाऊ,” असं म्हणून ह्यांनी ताक मागितलं. फुटाळा तलाव घरापासून ऑटोने दहा मिनिटांवर आहे. तिथेही आम्ही गेलो नाही.

जहाजात मळमळतं, हे भाऊंना कुणीतरी सांगितलं होतं. त्यावर त्यांनी उपाय काढला. आमच्या गच्चीवर एक जुनी बंगई आहे, साखळ्यांना टांगलेली लाकडी फळी. रोज जेवण झालं की दोघांनी तिच्यावर बसून हेलकावे घ्यायचे, म्हणजे पोटाला सवय होईल. भाऊ डाव्या बाजूला, वहिनी उजव्या. भाऊ पायाने जमीन रेटायचे, वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. “हळू जी, जेवण वर येऊन राहिलं,” म्हणायच्या, आणि भाऊ आणखी जोरात रेटायचे. मी वाळलेले कपडे काढायला वर जायची. तसे कपडे दुपारीच वाळलेले असायचे, पण मी ते दोघं बंगईवर असतानाच जायची. साठी ओलांडलेली माणसं अशी झुलताना पाहून लोकांना कौतुक वाटतं म्हणे. मला चिमटे कुठे ठेवले ते आठवेनासं व्हायचं.

जायचा दिवस जवळ आला तसा फराळ सुरू झाला. कुहीकडची माणसं शिदोरी घेतल्याशिवाय गावाला निघत नाहीत. त्यात जहाजावर सगळीकडे मासळी शिजत असणार, अशी वहिनींची पक्की समजूत. शंकरपाळे, चिवडा, करंज्या, डबेच्या डबे भरले. आणि नेमकं तेव्हा सगळं बंद झालं. रेल्वे, विमानं, दुकानं, शाळा, आणि जहाजंही.

त्या दिवशी आमची बेल वाजली. दार उघडलं तर पायपुसण्यावर झाकलेली ताटली, आणि वहिनी चार हात लांब, तोंडाला पदर बांधून उभ्या.

“जहाज पुढे गेलं,” त्या म्हणाल्या. “खाऊन घ्या, नाही तं खवट होईन.”

मी शंकरपाळा तोंडात टाकला. खुसखुशीत होता. आणि खरं सांगते, त्याच्याइतका गोड शंकरपाळा मी त्याआधी खाल्ला नव्हता.

मग तो आमच्या बिल्डिंगचा रिवाजच झाला. कंपनीचे लोक सांगायचे, पुढच्या महिन्यात सुटेल. वहिनी तळायला बसायच्या. मग कळायचं, नाही, दिवाळीनंतर. ताटल्या दारोदार जायच्या. दिवाळीनंतर म्हणाले, नव्या वर्षात. पुन्हा मैदा, पुन्हा ताटल्या. बातम्या ऐकायची गरजच उरली नाही. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यातून ओरडून विचारायचे, “वहिनी, या महिन्यात करंज्या आहेत का?”, आणि जहाजं अजून उभीच आहेत हे सगळ्यांना कळायचं.

मी एकदा म्हटलं, “वहिनी, तारीख पक्की होईपर्यंत थांबा ना. काहून इतकं तळता?” त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडातही त्यांचा शब्द यायला लागला होता.

“अवं, उद्या ये म्हटलं तं? रिकाम्या हातानं जाऊ का?” आणि मग ते नेहमीचं. “जहाज का पळून चाललं का वं? उभंच हाय ना तिथी.”

रिकामी ताटली परत द्यायची नसते म्हणून मी तिच्यात कधी साखर, कधी चार लिंबं ठेवायची. मनात मात्र मोजत असायची की यांचं पुढे ढकललं म्हणजे आमचं काही गेलं नाही. सगळं जग घरात बसलेलं असताना बरोबरीला आल्यासारखं वाटायचं. पण संध्याकाळी बंगईच्या कड्या करकरायला लागल्या की ती बरोबरी मोडायची. जहाज बंद होतं, त्यांचे हेलकावे बंद नव्हते.

दुसऱ्या लाटेत भाऊ आजारी पडले.

रामदासपेठेत दर चौकात हॉस्पिटल आहे, तरी पलंग मिळायला दोन दिवस गेले. मिळाला तो आमच्या मागच्याच गल्लीत. गच्चीवरून त्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. आत कुणाला सोडत नव्हते. वहिनी दिवसभर बंगईवर बसून खिडक्यांकडे पाहायच्या. कोणती खिडकी भाऊंची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्या सगळ्याच पाहायच्या. मी त्यांचा चहा घेऊन वर गेले तेव्हा भाऊंचा फोन आला होता. फोन स्पीकरवर होता, तरी आवाज फार बारीक होता. त्यांनी विचारलं, “जहाजवाल्यायले फोन केला होता का?”

“केला ना जी,” वहिनी म्हणाल्या. “पावसाळ्यानंतर सुटते म्हणते. तुम्ही या लवकर, मैदा आणून ठेवला.”

फोन त्यांनी केलेला नव्हता. मैदाही आणलेला नव्हता. मी कप पुढे केला. वहिनींनी चहा घेतला आणि तो थंड होईपर्यंत हातात धरून ठेवला.

भाऊ आले नाहीत.

त्यानंतर समोरच्या घरात तळण्याचा वास बंद झाला. बंगईही थांबली. मी कपडे काढायला दुपारीच जायला लागले.

पुढे सगळं हळूहळू उघडलं, आणि एक दिवस जहाजंही सुटायला लागली. कंपनीचा फोन आला की तुमच्या दोन्ही जागा तशाच आहेत. बिल्डिंगमध्ये सगळे धरून चालले होते की वहिनी पैसे परत घेतील. मला मात्र वाटत होतं की त्या जातील. आणि दोन जागा म्हटल्यावर बरोबर कोण? त्यांची मुलगी पुण्याला, तिला लहान बाळ. सुखदुःखाला समोरचं दार. मी कपाटातून दोन चांगले पंजाबी ड्रेस काढून, इस्त्री करून ठेवले. ह्यांना सांगितलं नाही. वहिनी भेटल्या की उगाच म्हणायची, “मला प्रवासात कसला त्रास होत नाही बघा.”

एका सकाळी त्या आल्याच. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी गॅस बारीक केला.

“एक काम होतं वं तुह्याकडे,” त्या म्हणाल्या.

“सांगा ना.”

“शंकरपाळे करून देशीन का मले? मी करायले बसते, पन पहिला घाना नेहमी हेच चाखून पाहत होते. आता लाटनं उचलत नाही.”

“देते ना,” मी म्हटलं. मग विचारलं, “दोघींपुरते करू?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजल्या असतील. त्या काही वेड्या नव्हत्या.

“जागा दोन्ही ठेवल्या मी,” त्या म्हणाल्या. “खोलीत दोन पलंग हायेत. त्यायचा मी कोनालेच देत नाही. तू राग नको मानू.”

राग कसला. मी जळले. भाऊ असताना जळत होते त्याहून जास्त जळले. त्या दिवशी शंकरपाळे तळताना दिवाणखान्यात आमचे हे पेपर वाचत बसले होते, धडधाकट, आणि मी झाऱ्याने घाणा परतत विचार करत होते की माझ्यासाठी कुणी असा पलंग रिकामा ठेवेल का. मी तरी कुणासाठी ठेवेन का. पहिला घाणा करपला.

वहिनी मुंबईला गेल्या. घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या, तुळशीला पाणी घालायला. चौथ्या दिवशी दुपारी बंदरावरून फोन आला. मागे खूप गलका होता.

“अवं, खायचं काही वर नेऊ देत नाही म्हणते इथी. घरचं तं बिलकुलच नाही. आन आपन इतके दिवस तळून राहिलो.”

“मग हो? फेकलं?”

“फेकीन कशी? रांगेत सगळ्यायले वाटून दिलं. सामान तपासनाऱ्या साहेबालेही दिले दोन. चांगले झाले म्हने.” मग जरा आवाज खाली आला. “एक शंकरपाळा तेवढा पदराच्या गाठीत बांधला. त्यायच्या उशाशी ठेवते म्हटलं. चाल, बोलावून राहिले, ठेवते.”

मी किल्ली घेतली, तुळशीला पाणी घातलं आणि तशीच गच्चीवर गेले. बंगईवर पानं पडली होती. ती झाडून मी उजव्या बाजूला बसले. वहिनी बसायच्या तिथे.

थोड्या वेळाने हे मला शोधत वर आले. “चहा नाही का आज?” म्हणाले आणि माझ्या शेजारी बसायला वळले.

“तिथे नका बसू,” मी म्हटलं. “ती भाऊंची जागा आहे.”

हे तसेच थांबले. एकदा रिकाम्या फळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग काय करावं ते न सुचून मागे जाऊन उभे राहिले, साखळी धरली, आणि हळूच झोका दिला.