मामांना न पडलेली मतं

माणसांवर एवढं प्रेम करून माणसांना इतकं चुकीचं ओळखणारा पुढारी अख्ख्या घोडपदेवात माझ्या मामांशिवाय दुसरा नसेल. चाळ कमिटीचे ते वर्षानुवर्षं अध्यक्ष. समोरच्याच्या मनातलं आपल्याला तोंड बघून कळतं, असं त्यांचं ठाम म्हणणं. सभेत कुणी डोळे मिटून पेंगू लागला, की तो मन लावून ऐकतोय. मामांना येताना पाहून वाण्याने शटर अर्धं ओढलं, की त्याला आपल्याशी निवांत बोलायचंय. मग मामा वाकून आत शिरायचे आणि खरोखरच निवांत बोलायचे. पाण्याच्या तक्रारीसाठी एकदा मोर्चा घेऊन गेले, तेव्हा हवालदाराने दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. घरी येऊन मामीला म्हणाले, "पोरगा संस्कारी होता गं. जिना उतरेपर्यंत हात सोडला नाही." पुनर्विकासाच्या बैठकीत बिल्डरचा माणूस सारखा घड्याळाकडे बघत होता, तर हा वेळेवर ताबा देणार असं मामांनी ठरवूनच टाकलं. इतरांनी आवरलं म्हणून सही राहिली.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी दगदग बंद करायला सांगितली. पण बिल्डरशी बोलणी ऐन भरात, कमिटीची निवडणूक तोंडावर. मामा पुन्हा उभे राहिले. चाळभर फिरून आले आणि म्हणाले, "सगळे हात जोडतायत. प्रचाराची गरजच नाही." मोजणीत त्यांच्या नावाच्या जेमतेम चारपाच चिठ्ठ्या निघाल्या. कुणी कुणाकडे बघेना. मामा उठले, नव्या अध्यक्षाची पाठ थोपटली आणि जिन्यात मला म्हणाले, "लोकांनी माझ्या तब्येतीचा विचार केला रे. एवढी माया कुणाला मिळते?"

मला भरून आलं. या माणसाला स्वतःचा पराभवसुद्धा कळत नाही, असं मी शेजारच्या फिलोमिना आंटींना म्हणालो.

"तुझी मामी आलेली माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांकडे गेली, दारोदार. म्हणाली, ह्यांका मत देव नको, माका अध्यक्ष नको, माणूस होयो. मग काय बोलणार? मी पण नाय दिलं."

म्हणजे त्या जिन्यात मामांनी बरोबर ओळखलं होतं, आणि चुकलो होतो मी.

मामीला गाठून विचारलं, "मामांना सांगितलंस?"

"सांगून काय करू? दगा दिला म्हणतील."

मामा तसं कधीच म्हणाले नसते. इतका संसार करून मामीलाही ते पुरते उमगले नव्हते.

परवा नवा अध्यक्ष त्यांना बिल्डरच्या बैठकीला न्यायला आला होता. गुडघे दुखतात सांगून मामांनी त्याला परत पाठवलं. गुडघे दुखत नव्हते, हे मला ठाऊक होतं. मामी आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "मी पडलो ते तिने मनाला लावून घेतलंय. नजरेला नजर देत नाही. अशीला एकटीला टाकून कुठे जायचं?"

तेवढ्यात मामी बाहेर आली. खाली बघतच तिने त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला आणि आत गेली. बघितलंस ना, अशा अर्थाने मामांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली.