खिशातली पाटी

माझा दादा काचा बसवतो. खिडक्यांच्या, दारांच्या, दुकानांच्या दर्शनी भागाच्या. सत्तावीस वर्षं एकाच दुकानात आहे. लोकरी कापड लावलेल्या लांबलचक टेबलावर काच आडवी टाकायची, काच कापायच्या हिरकणीने एकच रेघ ओढायची आणि खालून हलकेच टिचकी मारायची. त्याच्या हातून काच रेघेबाहेर फुटलेली मी तरी पाहिलेली नाही. मग ती खांद्यावर पट्ट्याने तोलून चार-चार मजले चढायची, तेही पायांकडे न बघता. खाली बघितलं की काच कलते, असं तो म्हणतो. त्यामुळे तो रस्त्यावरूनसुद्धा तसाच चालतो, नाकासमोर आणि सावकाश. वहिनीच्या भावाने त्याचं नाव ‘मालगाडी’ ठेवलं होतं. दादाही हसायचा. मला कधी हसू आलं नाही, पण मी पोस्टात काउंटरवर बसते, मला मुळात कमीच हसू येतं.

हा वहिनीचा भाऊ पाण्याचे फिल्टर विकतो. समोरच्याला तहान लागायच्या आत फिल्टर त्याच्या गळ्यात मारतो. बोलणं गोड, हात सढळ, घरी आला की घर हलतं. वहिनीचा तो जीव की प्राण आहे. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला.

चव्वेचाळिसाव्या वर्षी दादाने एक जुनी माउंटन बाइक घेतली. कामावर जाता-येता चालवायला, म्हणाला. दोन महिन्यांत तो रविवारी पहाटे डोंगरावर जायला लागला. आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेला माणूस नाही तो, पण तिथे दरवर्षी होणाऱ्या सायकल शर्यतीने त्याच्या डोक्यात घर केलं. डोंगराला तीन फेऱ्या, नऊला सुरुवात, दुपारी एकच्या आत शेवटची रेषा ओलांडायची. बक्षीस त्याला नको होतं. निकालाच्या कागदावर आपलं नाव आणि पुढे वेळ, एवढंच हवं होतं. पहिल्या वर्षी तो एकोणीस मिनिटं उशिरा पोचला. दुसऱ्या वर्षी साखळी तुटली. कागदावर दोन्ही वेळा नावापुढे नुसती आडवी रेघ होती. ते दोन्ही कागद त्याने दुकानातल्या कपाटाला आतून चिकटवले होते, हे मला त्याच्या मालकांकडून कळलं.

तिसऱ्या वर्षी मेहुणा म्हणाला, “भावोजी, आपण जोडीने उतरू. मालगाडीला इंजिन लागतंच की.”

दादा इतका खूश झाला की मी तोंड मिटून बसले.

जोडीचा नियम साधा होता. दोघांनीही एकच्या आत रेषा ओलांडायची. वाटेत दोघांनी सायकली बदलल्या तरी चालेल, पण प्रत्येकाने आपल्या नंबराची पाटी सायकलीला लावूनच रेषा ओलांडायची. एकाने पाटी टेबलावर जमा केली की त्याची माघार, आणि दुसऱ्याला हवं तर एकट्याच्या गटात शर्यत पूर्ण करता येते. जमा म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. एकदा शिक्का बसला की बसला.

आदल्या दिवशी दिवसभर पाऊस पडला. संध्याकाळी दादाने दुकानातला सिलिकॉनचा फवारा आणला. काचेवर पाणी ठरू नये म्हणून ते लोक मारतात तो. त्याने सायकलीचा एक-एक कोपरा पुसून त्यावर तो मारला, म्हणजे चिखल धरत नाही. मेहुण्यालाही सायकल घेऊन बोलावलं होतं. त्याला कुठे जेवायला जायचं होतं.

वरती डोंगरात काय झालं ते दादाने मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. चिखल कणकेसारखा होता. लोकांची चाकं फिरेनाशी झाली, माणसं काटक्यांनी चिखल खरवडत बसली. दादाची सायकल मात्र चालत राहिली. तिसऱ्या फेरीत मेहुण्याच्या सायकलीचा मागचा गिअर चिखलाने जाम होऊन मोडला आणि चाकाच्या तारांत अडकला. चाक गच्च. तिथून शेवट सहा किलोमीटरवर होता. मेहुणा दगडावर बसला आणि संपलं म्हणाला.

“संपलं कसं?” दादा म्हणाला. “तू माझी घे. तुझी मी खांद्यावर घेऊन येतो. मला ओझ्याची सवय आहे. वेळ आहे अजून.”

पाट्या सोडवताना प्लास्टिकचे बंद तुटले. दादाच्या खिशात तारेचा एकच तुकडा निघाला. त्याने त्या तारेने मेहुण्याची पाटी चांगल्या सायकलीला बांधून दिली. स्वतःची हातातच राहिली.

“आणा, माझ्या खिशात ठेवतो,” मेहुणा म्हणाला. “तुमच्या हातून चिखलात पडायची. रेषेच्या अलीकडे थांबतो मी. दोघं बरोबरच जाऊ.”

दादाने पाटी दिली. मीही दिली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नसती दिली. पण मी दादा नाही.

खाली तंबूपाशी वहिनी आणि मी उभ्या होतो. बाराच्या सुमाराला मेहुणा आला, तोही दादाच्या सायकलीवर. रेषेच्या अलीकडे खरंच थांबला. उतरला, टेबलाशी गेला आणि खिशातून पाटी काढून वेळ नोंदणाऱ्या बाईंच्या पुढ्यात ठेवली. मग सायकलीवर बसून एकटा रेषेपार गेला.

“भावोजींनी सोडली, ताई,” तो मला म्हणाला. “पाय गेला त्यांचा. तू हो पुढे म्हणाले. येतील सावकाश.”

चिखलाने तो डोळ्यांपर्यंत माखला होता आणि थरथरत होता. मी दादासाठी आणलेला थर्मास उघडला आणि त्याला चहा दिला. एक कप, मग दुसरा. दादाचे कोरडे कपडे गाडीत नेऊन ठेवले, कारण आता घाई कशाची नव्हती. वहिनी म्हणाली, “बरं झालं सोडली. वय काय आहे यांचं?” मीही मान हलवली.

साडेबाराला मेहुण्याच्या गळ्यात पदक पडलं. एकट्याच्या हौशी गटात तिसरा. वहिनीने त्याचे पाच-सहा फोटो काढले.

एकला बारा मिनिटं कमी असताना उतारावर दादा दिसला. खांद्यावर सायकल, नजर नाकासमोर, पाय एका लयीत पडत होते. काच घेऊन जिना उतरावा तसा तो उतरत होता. लंगडत नव्हता. रेषेच्या अलीकडे येऊन तो थांबला आणि इकडे-तिकडे बघायला लागला. मेहुण्याला शोधत होता.

“पाटी?” बाईंनी विचारलं.

“मेहुण्याकडे आहे माझी. येईल तो.”

बाईंनी कागद पाहिला. “तुम्ही तर माघार घेतली आहे. पाटी जमा आहे.”

मेहुणा पुढे आला तेव्हा पदक त्याने बनियनच्या आत टाकलं होतं. “भावोजी, तुम्हीच म्हणालात ना, तू हो पुढे?” आणि मग हळूच, “वेळेत पोचाल असं वाटलंच नाही हो मला.”

बाईंनी दादाकडे पाहिलं. “तुम्ही माघार सांगितली होती का? नसेल तर यांचा निकाल रद्द करावा लागेल. पाटी मात्र मला परत देता येणार नाही.”

वहिनीने दादाचा दंड धरला. “अहो, हो म्हणा. तुमचं तर तसंही गेलंच. त्याचं कशाला घालवता?”

मला वाटलं, म्हणणार. जन्मभर हो म्हणत आलेला माणूस. पण दादाने सायकल खांद्यावरून उतरवली, मेहुण्याच्या पायाशी आडवी ठेवली आणि म्हणाला, “नाही. मी सांगितलं नव्हतं.”

पदक परत गेलं. वहिनी गाडीत जाऊन बसली. पुढे चार महिने ती दादाशी कामापुरतंच बोलली. तू एक शब्द गिळला असतास तर घर शाबूत राहिलं असतं, असं दोन्हीकडच्या माणसांनी त्याला ऐकवलं. मेहुण्याला कोणी काही ऐकवलं नाही.

पण ते नंतर. त्या दुपारी एकला सात मिनिटं असताना दादा मोकळ्या हातांनी रेषा ओलांडून आला. कोणी काही लिहिलं नाही. माझ्याजवळ येऊन त्याने थर्मास उचलला. तो हलका लागला तसा हलवून पाहिला, मग झाकण परत घट्ट लावलं.

“कपडे?”

“गाडीत ठेवले,” मी म्हणाले. “मला वाटलं…”

“तुलाही खरं वाटलं?”

काउंटरवर बसून रोज शंभर माणसांचं खरं-खोटं ओळखणारी मी. तिथे खोटं बोलायची मला लाज वाटली. मी हो म्हणाले.

“मग त्याने तरी माझी वाट का बघावी,” दादा म्हणाला, आणि गाडीकडे न वळता घराच्या दिशेने चालत सुटला.