काठीवरचं लुगडं

अक्का गेल्याचं मला कळलं ते कारखान्याच्या फाटकावर. शेजारचे अण्णा मल्लेश्वरमहून यशवंतपूरपर्यंत सायकल मारत आले होते. "स्वल्प घरी चला," कानडी वळणानं एवढंच म्हणाले, म्हणजे जरा घरी चला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस इतकं कमी बोलला, तेव्हाच मी समजलो. आता महिना होत आला. लोक भेटायला येतात, म्हणतात, सुटली बिचारी, दहा वर्षांचं छातीचं दुखणं. मी मान हलवतो. ते दुखणं कुठून आलं हे त्यांना ठाऊक नाही. मला आहे.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि आई वारल्यावर तिनंच मला वाढवलं; कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं मला 'तम्मा' म्हणायची. आमच्या जुन्या बंगळुरी मराठी घरांत सोवळ्याला कानडीतला 'मडी' हाच शब्द. धुतलेलं लुगडं उंच काठीवर वाळत घालायचं, कुणी शिवायचं नाही, आणि तेच नेसून स्वयंपाक करायचा, जेवायचं. कुणी शिवलं तर पुन्हा पाण्यातून काढायचं. मी चिडवायचो, "अक्का, तुझ्यापेक्षा त्या लुगड्याला मान जास्त." ती म्हणायची, "असू दे. कुणाला तरी आहे ना!"

बंगळूरच्या माणसाला नदीचं भारी अप्रूप, कारण गावात तळी आहेत, नदी नाही. नोकरी लागल्यावर मी ठरवलं, अक्काला नदी दाखवायची. गेरसोप्प्याहून होन्नावरपर्यंत शरावतीतून होडीनं, रमतगमत दोन दिवस. ती नाहीच म्हणत होती. मी आणि माझी बायको सुधा, दोघांनी हट्ट धरला. सामान बांधताना तिनं मडीची दोन लुगडी काढली. "ओझं कशाला? एक पुरे. उन्हाळ्याचे दिवस, तासात वाळेल," मी म्हणालो. तिनं एक परत पेटीत ठेवलं... पुढचं सगळं या एका वाक्यातून आलं.

आगगाडीत आणि बसमध्ये ती केळ्यांवर राहिली. होडीत मात्र पहिल्या सकाळी खुलली. चटईच्या छपराबाहेर बसून पाण्यात पाय सोडले, सुधाला म्हणाली, "अगो, एवढं पाणी, आणि सगळं फुकट!" तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हवेचं मात्र काही खरं नव्हतं. घटकेत ऊन रणरणायचं, घटकेत आभाळ भरून यायचं. अंथरुणं आत, अंथरुणं बाहेर, हाच आमचा उद्योग. नावाडी मंजा आभाळाकडे बघून "बरतद, होगतद" म्हणायचा, म्हणजे येईल आणि जाईल. मी त्याला हसलो. हवेतलं मलाच जास्त कळतं, असं तेव्हा वाटायचं.

दुपारी वाळूच्या एका बेटाला होडी लावली. अक्का नाहली, लुगडं धुऊन होडीच्या टोकाला बांबूवर घातलं आणि चूल मांडायला दगड शोधत गेली. लुगडं वाळतच आलं होतं. इतक्यात काळोखून आलं, वारा सुटला, टपटप थेंब पडले. मी धावलो. लुगडं ओढून काढलं, छातीशी धरून छपराखाली नेलं, आणि ती आल्यावर शहाणपणानं सांगितलं, "वाचवलं बघ!"

तिची नजर लुगडं धरलेल्या माझ्या हातांवर गेली. "शिवलास?"

एव्हाना ऊनसुद्धा पडलं होतं. मंजाचा पाऊस आला तसा गेला होता.

"चार थेंबांनी काय होत होतं रे तम्मा," ती म्हणाली. "पावसाला विटाळ नसतो."

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं लुगडं पुन्हा नदीतून काढलं आणि बांबूवर घातलं. आणि मग खरा पाऊस आला, तो थांबलाच नाही. दोन दिवस तिच्या पोटात भात नव्हता. संध्याकाळी तिनं ते ओलंगच्च लुगडं नेसलं आणि ताडपत्रीच्या आडोशाला, भणाणत्या वाऱ्यात, धुरकट चुलीवर भात शिजवला. मी विनवलं, "आजचा दिवस सोड ना गं अक्का. इथं कोण बघतंय?"

"आजचा दिवस सोडला, तर माझ्याजवळ दुसरं काय आहे?"

होन्नावरला पोचेपर्यंत तिला फणफणून ताप भरला. ताप उतरला, छाती कधीच सुधारली नाही. दर उन्हाळ्यात वळीव आला की तिला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, नदीचा संबंध नाही, प्रकृतीच तशी. तिनंही कधी शब्द काढला नाही. फक्त पुन्हा कुठं आली नाही. "तुम्ही जा," म्हणायची.

मागच्या पडवीत तिची काठी अजून टांगलेली आहे, आणि ती गेली त्या सकाळी तिनं वाळत घातलेलं लुगडंही. सुधा दोनदा म्हणाली, काढायला हवं. काढू, मी म्हणालो. काल दुपारी एकाएकी आभाळ भरून आलं आणि पडवीत झड येऊ लागली. "अहो, भिजतंय ते, काढा ना!" सुधा आतून ओरडली. मी उठलो. हात वर गेला... आणि तसाच खाली आला.

लुगडं भिजत राहिलं. मी शिवलो नाही.