दोन्हीकडचं पाणी

काशीदादा गेल्याचं मोखाड्याच्या बाजारात जीपवाल्यानं सांगितलं. "तुमचा जोडीदार गेला ना सकाळी," म्हणाला. दोन महिने होत आले. तेव्हा गप्प बसलो, आता बसवत नाही.

आम्ही दाभोशाकडची डोंगरातली माणसं. भात झोडून झालं की खाडीवर रेती काढायला जायचो. बांबू धरून तळाशी बुडी मारायची, बादली भरायची, वर यायचं. आमची होडी असायची दोन खाड्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या फाट्यात. दोन्ही खाड्यांची ओहोटी एका वेळी लागत नाही. एकीकडचं पाणी उतरतं, दुसरीकडचं चढलेलंच असतं, आणि मग ते मधल्या फाट्यातून सुसाट धावतं. दादानं फाट्याच्या दोन्ही तोंडांना खुणा केलेले बांबू रोवले होते. बांध फोडण्याआधी वरचं-खालचं खाचर बघावं तसा तो दोन्ही बांबू बघून यायचा. "दोन्हीकडं बरोबर झालं का मंगच बुडी."

त्या दिवशी तो पलीकडचा बांबू बघायला गेला होता. आमच्या बांबूवर पाणी उतरायचं थांबलं होतं. होडी वळणाच्या आडोशाला, वर सगळं शांत. मला धीर कुठला! "दर्याला कुठं वरचं खाचर असतं?" असं म्हणून हसलो आणि उतरलो. पलीकडं पाणी अजून हातभर वर होतं...

तळाशी पाय ठरेनात. हातातला बांबू सुटला, काळोख झाला, छाती फुटायला आली. आई गं! मेलो, एवढंच कळलं. तेवढ्यात कुणीतरी केसांना धरलं. दादा काठावरून धावत येऊन उडी मारून आला होता. वर येताना त्याचा खांदा होडीवर आपटला, तो हात पुन्हा कधी डोक्यावर गेला नाही. मला शिवी नाही, थप्पड नाही. "घरी बोलू नको. तुझी आय परत कामाला धाडायची नाही," म्हणाला.

दहाव्याला गेलो. वहिनी माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागं सरलो.

"तुमी त्यांना खाडीतून वर काढलं, भाऊजी. खांदा गेला, पन मानूस राहिला. दर दिवाळीला सांगायचे."

सगळं घर माझ्याकडं बघत होतं. माझी जीभ उचलेना. वहिनी, तुमची पोरगी हे तुम्हाला वाचून दाखवील... बुडत होतो तो मी.