विळी गॅरेजमध्ये, चाकू हॉलमध्ये

एका शनिवारी सकाळी बरोबर सव्वानऊला आमच्या अमेरिकेतल्या, अ‍ॅशबर्नच्या घरात पहिला चाकू आला. तेव्हापासून किस्से साठतच चाललेत, गंजासारखे. एक घासावा तर खाली दुसरा! तुम्ही खुशाल हसा, मी अजून रागातच आहे.

*

चाकू आणला माझ्या मिस्टरांनी. पूर्वी इथल्या जंगलात वस्ती करायला निघालेल्या लोकांसाठी कुणा लोहाराने जुनी कानस ठोकून बनवलेला, हरणाच्या शिंगाची मूठ.

मी म्हटलं, "याने काय चिरायचं?"

"चिरायचं? अगं, अँटिक आहे!"

आता असे सात झाले. एकानेही आजवर कांदा चिरलेला नाही!

*

आमची सई चालायला लागली तसं ह्यांनी घर बेबीप्रूफ केलं. फ्रिजला लॉक, ड्रॉवरला लॉक, कमोडलासुद्धा लॉक! माझी साताऱ्याहून आणलेली विळी खोक्यात घालून गॅरेजमध्ये. "मुलीला लागेल."

आणि चाकू? हॉलमध्ये, सोफ्याशेजारी, खालच्या शेल्फवर! "तिथे डिस्प्ले छान दिसतो."

*

दर शनिवारी ह्या चाकूवेड्यांचं मंडळ आमच्याकडे जमतं. पुण्याचे अनंतकाका, नागपूरचा प्रशांत आणि आमचे हे. चाकूला शिवण्याआधी हात साबणाने धुवायचे, वर पांढरे सुती हातमोजे घालायचे. घामाने पातं खराब होतं म्हणे!

सई तान्ही असताना मी म्हटलं होतं, "काका, बाळाला घ्यायच्या आधी हात धुता का?"

"अगं, एवढं काय त्यात! इम्युनिटी वाढते!"

*

खंडेनवमीला चाकू पाटावर मांडले. माझी मावशी तेव्हा आलेली. "शस्त्रं अशी काळी पुजतात होय?" म्हणत तिने एक चिंचेने घासून लखलखीत केला. त्या काळपटपणातच तर सगळ्या मंडळाचा जीव! हे पाटासमोर बसून रडले.

सई जिन्यावरून पडली तेव्हा म्हणाले होते, "मुलं पडतातच."

*

मी शंभरदा सांगितलं, कपाटात ठेवा, कुलूप लावा.

प्रशांत म्हणाला, "वहिनी, हिस्ट्री कुलपात नसते ठेवायची यार. तुम्हाला नाही कळणार."

"भाऊजी, मी सातवीच शिकले. पण पातं कापतं हे बालवाडीतच कळलं होतं!"

*

आणि गेल्या शनिवारी मंडळ थालीपिठांवर तुटून पडलेलं, मी तव्यापाशी. हॉलमधून सई आली. अडीच वर्षांची पोर. कोपरापर्यंत पांढरे हातमोजे आणि दोन्ही तळव्यांवर आडवा, उघडा चाकू. अगदी बाबा धरतात तसा!

"नो टच, काका! व्हेरी ओल्ड!"

घास तोंडातच राहिले. मी गुडघे टेकून हात पुढे केले.

सईने मान हलवली. "आई, वॉश हँड्स!"

मी धुतले. माझ्या घरात, माझ्या लेकीच्या हातातला चाकू काढून घ्यायला आधी हात धुतले!

चाकू माझ्या हातात आल्यावर अनंतकाकांना कंठ फुटला. "काही म्हणा, पोरीची पकड मात्र परफेक्ट आहे हं!"

*

सातही चाकू आता गॅरेजमध्ये. कुलूप घातलंय, किल्ली माझ्या मंगळसूत्रात. मंडळातलं कुणी भेटलं तर एवढा निरोप द्या. शनिवारी जरूर या, थालीपीठ मिळेल. फक्त येताना हातमोजे आणा.

सईला उचलून घ्यायचं असेल तर!