बंडूचं बारसं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

२००५ साली आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला होतो. मी नागपूरची, झूलॉजीत एम.एस्सी. आणि तिथं कोण? नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. नोकरीची परवानगी नाही. पॉटलकच्या जेवणाला लोक मला पुरणपोळीची रेसिपी विचारायचे. झूलॉजीचं कुणी विचारलं नाही — एकदा सोडून.

शेजारच्या सईनं, वय वर्षं बारा, घोरपड पाळली. आफ्रिकेतल्या जातीची, हातभर लांब, काचेच्या पेटीत, वर उबेसाठी दिवा. तिच्या बाबांनी हौसेनं बारसंच ठरवलं. आठ-दहा घरं जमली. "वहिनी, तुम्ही झूलॉजीवाल्या ना? मग सांगा, पेढे वाटू की बर्फी?"

आता खरं सांगते. घोरपडीत नर-मादी नुसतं बघून ओळखणं फार अवघड. शेपटीच्या मुळाशी फुगवटा असतो, पण तो मादीलाही असू शकतो. भलेभले चुकतात. मला हे माहीत होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते — किती वर्षांनी! मी शेपटी उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हटलं, "पेढे."

टाळ्या. नाव ठेवलं बंडू. पहिला पेढा मला.

पुढच्या वर्षी बंडू खाईनासा झाला. दिवसभर पेटीचा एकच कोपरा उकरायचा. सई माझ्याकडे आली. "काकू, ऑनलाइन लिहिलंय, फीमेल असेल तर अशी डिग करते. आर यू शुअर ही इज अ बॉय?"

तेव्हा तरी — तेव्हा तरी म्हणता आलं असतं ना, 'मला माहीत नाही'? तीन शब्द. मी म्हणाले, "अगं, मी शिकलेय हे. नरच आहे."

"ओके, काकू."

आठवड्यानं तो निपचित पडला. सईचे आईबाबा ऑफिसात, म्हणून मीच ड्राइव्ह करून दोघांना जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. उपयोग झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. पोटात अंडी अडकली होती. घालायला खोल माती मिळाली नव्हती. वेळेत आणली असती तर कदाचित वाचली असती, म्हणाल्या.

बाहेर सई बसली होती, मांडीवर बंडूचा टॉवेल. "काकू, मी काही राँग केलं का?"

इथं. याच्याच भोवती मी मघापासून फिरतेय. आधीचं सगळं मिरवणं होतं म्हणा, अडाणीपणा म्हणा — पण हे? मी तिच्याशेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाले, "दिवा कमी पडला असेल गं. ऊब लागते त्यांना."

दिवा सई लावायची. रोज, शाळेत जायच्या आधी, स्वतः.

तिनं मान हलवली. गाडीत रडली नाही. बॅकयार्डमध्ये पुरलं, तेव्हा एका सपाट दगडावर तिनं मार्करनं लिहिलं — बंडू. खाली, सॉरी. मी तिथंच उभी होते.

सईनं परत प्राणी पाळला नाही. आम्ही प्लेनो सोडेपर्यंत तरी नाही. कुणी विचारलं की खांदे उडवून म्हणायची, "आय'म नॉट गुड विथ ॲनिमल्स." माझ्यासमोर म्हणायची. आणि मी तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायचे.