दोन बोटं वर अडलेला हँडब्रेक

"गाडीचं दुखणं गाडीला विचारावं, मालकाला न्हाई," असं निजामोद्दीन मिस्त्री एकदा म्हणाले होते. पण भोकरचे व्यंकट गुरुजी ऐकतात थोडेच! माहूरहून आल्यापासून ब्रेकचा लाल दिवा विझत नव्हता, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी ब्रेक ऑइलची बाटली ओतली होती. निम्मं ऑइल अंगणात सांडलं होतं.

"ऑइल काठोकाठ हाय, गुरुजी. आता भजे सोडा त्यात," बोलावून आणलेले मिस्त्री बोनेटखाली डोकावत म्हणाले.

दारात उभ्या गुरुजींच्या पत्नी कावेरीबाईंना हसू आलं नाही. देवीच्या प्रसादाची पुरचुंडी त्यांनीच गुपचूप हँडब्रेकच्या खाली खोवली होती. गाडीत अंगारे-धुपारे दिसले तर पुन्हा माहूरला नेणार नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं.

मिस्त्रींनी चाकं पाहिली, पॅड पाहिले, मग आत बसून हँडब्रेक खाली दाबला. तो दोन बोटं वरच अडला. त्यांनी खाली हात घालून पुरचुंडी चाचपली आणि कावेरीबाईंकडं बघितलं. कावेरीबाईंनी हळूच हात जोडले.

"गुरुजी, जरा पाणी पाजता का? लई तहान लागली."

गुरुजी आत वळले तशी पुरचुंडी कावेरीबाईंच्या पदरात आली. हँडब्रेक पुरता खाली बसला आणि दिवा विझला.

"विझला की! सेन्सरच होता ना, मिस्त्री? मी म्हणतच होतो!" गुरुजी तांब्या पुढं करत म्हणाले. "सांगा की, काय सापडलं?"

मिस्त्रींनी सगळा तांब्या घटाघटा रिकामा केला, दाढी पुसली आणि ते फाटकाबाहेर पडले.